बिनसुट्टीची ड्यूटी आणि एकवीस क्रेडिट

तीर्थरूप ताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (गेल्या आठवड्यात कपड्यांची बादली उचलताना कंबर धरली, त्यामुळे प्रत्यक्षात आज पाचच अंगं टेकली आहेत. उरलेली तीन कंबर सुटली की टेकवतो, तोवर आठही टेकल्याचं धरून चालावं.) तुमचा खोकला आता कसा आहे? साडूभाऊ सकाळी फिरायला जातात, की अजून फिरायचे बूट घालून गॅलरीतच बसतात? कुंड्यांमधल्या टोमॅटोंनी या वर्षी तरी मनावर घेतलं का? इकडे सगळे खुशाल आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आईपेक्षा कमीच. मुलगी त्या बांधकामवाल्यांच्या ऑफिसात नकाशे काढते आणि घरी आली की आमच्या स्वयंपाकघराची भिंत कुठे चुकली आहे ते मला सांगते, जणू ती मीच बांधली. आणि तुमची धाकटी कॉलेजात जाते. पन्नासाव्या वर्षी माझी बायको कॉलेजात जाते, हे मी हल्ली बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही सांगत सुटतो. काही जण रांग बदलतात.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही तीस वर्षं मुख्याध्यापिका होता, ताई. फोनवर तुम्ही "मुद्द्यावर या" म्हणता, आणि त्या आवाजात कोणी मुद्द्यावर या म्हटलं की माझा मुद्दा मला सोडून पळतो. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, ही पत्राची मोठीच सोय आहे. शिवाय या प्रकरणात माझ्या हातून थोडा गाढवपणा झालेला आहे, आणि गाढवपणा पहिल्यापासून क्रमाने सांगितला की बराचसा शहाणपणासारखा दिसतो, असा माझा डेपोतला अनुभव आहे.

तर आधी परिस्थिती. धाकटी भूशास्त्र शिकते हे तुम्हाला माहीत आहे, पण भूशास्त्र शिकणाऱ्या बाईबरोबर एका घरात राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नाही. आमच्या खिडकीत पूर्वी कोथिंबीर निवडायची परडी असायची, तिथे आता अकरा दगड आहेत, आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे. मी एक दगड दाराला अडण म्हणून लावला तर ही शांतपणे म्हणाली की तो सहा कोटी वर्षांचा आहे, त्याला एवढ्या लहान कामाला लावू नये. (मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि मला याहून लहान कामांना लावलं जातं, पण ते असो.) कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत ही भिंगातून दगडातले कण पाहते, शिट्टीही चुकत नाही आणि कणही नाही. एकदा तिने एका दगडाला जीभ लावून पाहिली. त्यात माती किती आहे ते तसं कळतं म्हणे. आई समोरच बसली होती. ती अजून सावरलेली नाही.

आता हे क्रेडिट प्रकरण. पदवीला एकशे वीस क्रेडिट लागतात. आठवड्याला एक तास वर्गात बसायचं, असं सत्रभर केलं की एक क्रेडिट मिळतं. हिने गेली साडेसहा वर्षं, संध्याकाळच्या वर्गात, एका वेळी दोन आणि क्वचित तीन विषय घेत, आईचं ऑपरेशन आणि मुलीची बारावी आणि माझी ती कावीळ मध्ये येऊनसुद्धा, नव्याण्णव क्रेडिट जमवली. राहिली एकवीस. ती सावकाश दोन सत्रांत घेतली असती, पण इथे माशी शिंकली. औषधाच्या बाटलीवर असते तशी क्रेडिटलाही मुदत असते. सात वर्षं. हिने अगदी पहिल्या सत्रांत मिळवलेली पंधरा क्रेडिट या सत्राच्या शेवटी बाद होणार, मग ते विषय पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे याच सत्रात एकवीस झाली तर पदवी, नाही तर पंधरा पायऱ्या खाली. आणि कॉलेजचा नियम असा की एका सत्रात अठराच्या वर क्रेडिट घेता येत नाहीत. मार्क उत्तम असले आणि अभ्यासाच्या सल्लागार बाईंनी शिफारस केली, तरच एकवीस.

हे ऐकल्यावर मी हसलो, हे कबूल करतो. मी एका मोठ्या बस डेपोत एकतीस वर्षं ड्यूट्या लावतो. एकशे चाळीस गाड्या, तीनशे दहा माणसं. कोण किती वाजता कुठल्या गाडीवर चढणार, कुठे उतरणार, कधी जेवणार, हे मी ठरवतो आणि सगळे मला शिव्या देतात. (डेपोत मला चित्रगुप्त म्हणतात. तोंडावर. पाठीमागे जे म्हणतात ते मुख्याध्यापिकांना लिहिण्यासारखं नाही.) आमच्या ड्रायव्हरची आठवड्याची ड्यूटी अठ्ठेचाळीस तासांची. एकवीस तासांना आमच्याकडे आजारपण म्हणतात. तेव्हा मी हिला म्हटलं की यात काय अवघड आहे. ही म्हणाली की वर्गात एक तास बसलं की घरी दोन तास अभ्यास धरलेला असतो, म्हणजे एकवीसचे त्रेसष्ट. शिवाय प्रयोगशाळेला क्रेडिट एक, आणि बसायचं तीन तास. असा करार आमच्या युनियनने पहिल्याच दिवशी फाडून साहेबांच्या टेबलावर ठेवला असता. हिने तो वहीत घडी घालून ठेवला आणि भाजीला फोडणी दिली.

त्रेसष्ट ऐकल्यावर मात्र मी कामाला लागलो. सात विषय, आणि त्यातले दोन एकाच वेळी. कॉलेजच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी हिला सांगितलं होतं की हे वेळापत्रक बसणं अशक्य आहे. मी डेपोतला ड्यूटीचा छापील तक्ता घरी आणला, पेन्सिल कानामागे लावली, आणि पाऊण तासात बसवून दाखवलं. खनिजांचा वर्ग सकाळच्या तुकडीत टाकला, बाहेर दगड बघायला नेतात तो भाग शनिवारी घेतला, मंगळवारी मधे पावणेदोन तासांची विश्रांती काढली आणि ती ग्रंथालयाजवळच्या खोलीत पडेल अशी ठेवली, म्हणजे जिना चढायला नको. खिडकीवरच्या गृहस्थांनी तक्ता उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि आत जाऊन दुसऱ्या एका गृहस्थांना बोलावून आणलं. मला त्या दिवशी जे वाटलं ते मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. आणि इथेच माझं डोकं फिरलं. अती शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आपण दुसऱ्यांच्या बैलाकडे बघून म्हणतो.

एकवीस क्रेडिटसाठी वेगळा अर्ज होता, चार पानी. हिचे वर्ग चालू झाले होते म्हणून तो भरायचं काम मी मागून घेतलं. (कोणी दिलं नव्हतं, हे लक्षात असू द्या.) नववा प्रश्न होता: विद्यार्थी आठवड्याला इतर किती तास काम करतो? हिने जाताना सांगितलं होतं, तिथे शून्य टाका. मी पेन टेकवलं आणि माझा हातच चालेना. ताई, ज्या माणसाने एकतीस वर्षांत कोणाच्या कामाचं एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, त्याने स्वतःच्या बायकोच्या नावापुढे शून्य लिहायचं? मला तिच्या वतीने राग आला. मी ठरवलं की हे व्हायचं तर नियमाने होईल. आठवड्याची रजा टाकली, डेपोतली टाचण वही आणली, आणि सात दिवस हिच्या मागे मागे फिरून नोंद केली.

हिला वाटलं मला पुन्हा कावीळ झाली. आईला वाटलं मी नोकरीवरून निघालो आणि सांगायला लाजतो आहे. पण वही भरत गेली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पाणी भरणे. पाच पंचावन्न ओटा, सहा दहा चहा, सहा पंचवीस आईची औषधं, त्याच वेळी दुसऱ्या हाताने डबे. (आमच्याकडे एका माणसाला एका वेळी दोन गाड्या देत नाहीत. इथे चार होत्या.) मध्ये वर्ग, आल्यावर कपडे, मग बाजार, मग आईच्या गुडघ्यांना तेल, मग मुलीच्या तक्रारी ऐकत रात्रीच्या जेवणाची तयारी. तिसऱ्या दिवशी मी वहीत ‘जेवण’ असा रकाना आखला आणि तिच्या जेवणाची वेळ लिहायला गेलो, तर लिहिण्यासारखी सलग वेळच सापडेना. ती दोन घास उभ्याने खायची, दोन वाढता वाढता. सातव्या दिवशी बेरीज केली. एकसष्ट तास.

बेरीज बरोबर आहे का म्हणून मी पुन्हा वरून खाली आलो, तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली. साप्ताहिक सुट्टीचा रकाना कोरा होता. आमच्या नियमाप्रमाणे सलग सहा दिवस काम केलेल्या माणसाला सातव्या दिवशी ड्यूटी लावली तर माझ्यावर कारवाई होते, आणि व्हायलाच हवी, एकदा एका ड्रायव्हरला मी चुकून सातवा दिवस लावला होता तर घरी जाऊन माझं जेवण गेलं नव्हतं. आता मागे जाऊन मोजलं तर लग्नापासूनची सव्वीस वर्षं. मी वही मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला तुमच्या बहिणीचं नेहमीच कौतुक होतं ताई, पण ते आपलं असंच, सांगायला होतं. त्या दिवशी मला ते छातीत दुखल्यासारखं वाटलं. या एकसष्ट तासांवर ती साडेसहा वर्षं कॉलेज करत होती आणि मार्कांत वर्गातल्या पहिल्या तिघांच्या खाली कधी गेली नव्हती. असा माणूस माझ्या डेपोत असता तर मी त्याच्या नावाची पाटी लावली असती.

म्हणून मी नवव्या प्रश्नापुढे ठसठशीत अक्षरात एकसष्ट लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, वहीची स्वच्छ प्रत काढून सात पानांचं परिशिष्ट जोडलं, प्रत्येक पानावर सही केली, आणि हिला न सांगता अर्ज देऊन आलो. येताना मनाशी म्हणत होतो की हे वाचून त्या सल्लागार बाई उभ्या राहतील. म्हणतील, एकसष्ट तास राबून जी बाई असे मार्क मिळवते तिला एकवीस काय, एकतीस द्या.

चौथ्या दिवशी कॉलेजचं उत्तर आलं. विद्यार्थिनीला या सत्रात जास्तीत जास्त नऊ क्रेडिट घेता येतील.

अर्जाच्या चौथ्या पानाच्या मागे एक कोष्टक होतं. वीस तासांपेक्षा कमी काम असेल तर अठरा आणि शिफारशीने एकवीस, वीस ते चाळीस असेल तर बारा, चाळीसच्या वर असेल तर नऊ. मागचं पान वाचतो कोण? आमच्याकडे मागच्या पानावर फक्त शिक्का असतो. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तिला शून्याने एकवीस मिळणार होती, मी माझ्या प्रामाणिकपणाने तिची बारा घालवली आणि पदवीही. ते सांगायला मी स्वयंपाकघराच्या दारात किती वेळ उभा होतो ते वहीत लिहिलेलं नाही. सांगितल्यावर ही स्टुलावर बसली. ओरडली असती तर मला सोसलं असतं. तिने परिशिष्ट मागितलं, चष्मा लावला आणि सातही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, अगदी माझ्या सहीसकट. मग म्हणाली, "बुधवारी मी बाजारात दोनदा गेले होते. तुम्ही एकदाच लिहिलंय."

त्या सल्लागार बाईंना भेटायला आम्ही दोघं गेलो. खोली एवढीशी, तीन खुर्च्या, दोन कपाटं, आणि कपाटांवर फायलींचे असे थर की धाकटी त्यांच्याकडे डोंगराच्या कड्याकडे बघावं तशी बघत होती. बाई तिशीच्या आतल्या, आवाज मऊ, पण नियमाला माझ्याहून पक्क्या, तेव्हा मला त्या ताबडतोब आवडल्या. मी म्हटलं की चूक माझी आहे, घरकाम म्हणजे काही काम नव्हे, तिथे शून्य धरा. हे बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण वेळ तशी होती. बाईंनी सात पानं उलटली आणि हिला विचारलं, हे एकसष्ट तास खरे आहेत का? ताई, इथे नुसतं नाही म्हणायचं होतं. एक शब्द. एकवीस क्रेडिट टेबलावर ठेवलेली होती, उचलून घ्यायची होती. तुमची बहीण म्हणाली, "नाही. यात वाणसामान आणायचे चार धरलेले नाहीत. पासष्ट होतात."

मी डोळे मिटून घेतले. पण हे तुमचंच शिक्षण दिसतं, लहानपणी शाळेत हिच्या शेजारच्या मुलीच्या पाटीवर उत्तर बरोबर होतं तरी हिने आपलं चुकीचं पुसलं नाही, ती गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. सल्लागार बाईंनी एकसष्ट खोडून पासष्ट लिहिलं. मग म्हणाल्या की तास खोटे आहेत असं लिहून दिलं तर मी मान्य करणार नाही, पण तास कमी केले तर करीन. पासष्टातलं कोणतं काम कोण उचलणार, आठवड्याला किती तास, हे लिहून आणा, उचलणाऱ्या प्रत्येकाची सही घ्या, आणि हिच्या नावावर वीसच्या खाली आलं की शिफारस माझी. अट एवढीच की सही करणाऱ्याने ते काम खरोखर करायचं, मी सत्राच्या मध्ये विचारीन. मी त्यांना म्हटलं की तुम्ही आमच्या डेपोत या. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

त्या दिवसापासून घरात ड्यूट्या लागल्या आहेत. आईने सहा तास घेतले, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या आणि स्वतःच्या औषधांची आठवण. (गुडघ्याचं तेल मात्र तिने मला द्यायला नकार दिला. मी लावायला गेलो तर म्हणते, मी गुडघा आहे, गाडीचं चाक नाही.) मुलीने अकरा घेतले, आणि त्यांचा नकाशा काढून भिंतीवर लावला. बाकी मी. माझ्या वाट्याला बावीस तास आले, ते डेपोच्या अठ्ठेचाळीसाच्या वर, आणि पहिल्याच सकाळी माझ्या नाकी नऊ आले. मी वेळापत्रक असं चोख बसवलं होतं की सहा दहाला पाण्याची टाकी भरणार, दूध तापणार आणि कुकरची पहिली शिट्टी होणार. आणि तसंच झालं. तिन्ही अगदी वेळेवर आली, आणि हात दोन. दूध शेगडीवर, टाकी जिन्यावर, आणि तिसऱ्या शिट्टीनंतर मी कितवी शिट्टी झाली ते आईला विचारतोय. आई म्हणाली, "पहाटे एकशे चाळीस गाड्या बाहेर काढतोस ना? मग एक पातेलं काढ की वेळेत खाली." मुलीने फरशी पुसली आणि ते तिच्या अकरात बसत नाही असं भिंतीवरच्या नकाशात नोंदवलं.

आणि या सगळ्यात ही काय करत होती? टेबलाशी बसून वाचत होती. मान वर करून तिने पाहिलं, उठायला निघाली, पुन्हा बसली. ताई, ते पुन्हा बसणं मी पाहिलं. तिला ते किती जड गेलं ते मला कळलं, कारण मला डेपोत एखादी गाडी चुकीच्या फाटकातून बाहेर पडताना दिसते आणि माझी ड्यूटी संपलेली असते तेव्हा तसंच होतं. ती बसून राहिली, पान उलटलं, आणि पेन्सिलीने काहीतरी खूण केली. मला दूध पुसताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आता तीन आठवडे झाले. डबे हल्ली आठला पाच मिनिटं असताना तयार असतात. एका डब्यात दोनदा मीठ आणि एकात अजिबात नाही असं एकदाच घडलं, आणि ते मायलेकींनी मुलीच्या ऑफिसात भेटून, दोन्ही डबे एकमेकांत मिसळून निभावलं. सात विषयांपैकी पाच विषयांच्या पहिल्या चाचण्या झाल्या. आकडे सांगत नाही, दृष्ट लागेल, पण तुम्ही शाळेत ज्या हुशार मुलांना खडू आणायला पाठवायचात त्यांच्यासारखे मार्क आहेत. कॉलेजने सातही वर्गांत तूर्त बसू दिलं आहे, सह्यांचा तक्ता पूर्ण होईपर्यंत. तक्ता शुक्रवारी द्यायचा आहे. ती पदवीधर होईल, ताई. मला इतकी खात्री कोणत्याही गाडीबद्दल नव्हती.

बाकी सर्व ठीक. साडूभाऊंना नमस्कार सांगावा आणि बूट घातलेच आहेत तर दाराबाहेरही जावं असं माझ्या वतीने सुचवावं. तुम्ही काढा घेत जा. लहानांना आशीर्वाद लिहायचे असतात, पण तुमच्याकडे आता लहान कोणी उरलं नाही आणि आमच्याकडची सगळ्यात लहान मुलगी मला नकाशे दाखवते, तेव्हा ते आशीर्वाद मोठ्यांनीच वाटून घ्यावेत.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटीचा नवरा

ता. क. हिशेबात तुमच्या लक्षात आलंच असेल, पासष्टातून सहा, अकरा आणि बावीस गेले की सव्वीस उरतात. वीसच्या खाली यायला अजून सात तास कमी पडतात. शेवटी सापडले. हिचं आणि तुमचं रोज संध्याकाळी तासभर फोनवर बोलणं असतं, ते मी वहीत काम म्हणून धरलं होतं. आठवड्याचे बरोबर सात. तेव्हा विनंती अशी की परीक्षा होईपर्यंत तो फोन मी घ्यावा आणि हिने वाचावं. टोमॅटोंबद्दल मला पुष्कळ विचारता येईल.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी हिने वाचलं. (तिला वाचू देण्यावाचून इलाज नव्हता, पाकिटं कुठे असतात ते मला अजून माहीत नाही.) तुमचा फोन रोजच्या वेळी करा. हिने माझी वही घेतली, तुमच्या फोनपुढचं ‘काम’ खोडलं आणि तिथे ‘विश्रांती’ लिहिलं. मग त्याच पानावर खाली आली. रोज संध्याकाळी जेवणानंतर ती माझ्याजवळ बसते आणि मी तिला डेपोत काय काय झालं ते सांगतो, तो तास मी तिच्या विश्रांतीच्या रकान्यात टाकला होता. तिने ‘विश्रांती’ खोडलं आणि ‘काम’ लिहिलं. बेरीज तीच राहिली. सात तास.

ता. क. तिसरा. तेव्हा ते सात तास उचलायला माणूस हवा आहे, आणि तुमच्याशिवाय माझं कोण ऐकणार? आईने साफ नाही म्हटलं, मुलीने नकाशात जागा नाही म्हटलं. सोबत तक्ता जोडला आहे, जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठवा, शुक्रवारच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर नऊ क्रेडिट. उत्तर लिहिण्याची गरज नाही, फक्त वाचायचं, डेपोत काय काय झालं ते हिला सांगण्याऐवजी मी रोज तुम्हाला लिहीन. पण सही केलीत तर वाचायचं खरंखुरं, बाई मधे विचारणार आहेत. जड वाटणार नाही, ताई. तुमची बहीण सव्वीस वर्षं हे करत आली, एकाही सुट्टीशिवाय, आणि मला कधी कळलं नाही की ते काम होतं.